किटण

शनिवार, मे अखेर

आगोटची, म्हणजे पावसाआधीची कामं अंगावर असताना माणसाने ट्रॅक्टरचं इंजिन धुवायला बसू नये, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. लाकडं भरायची आहेत, मांगराच्या छपरावर माडाची झापं चढवायची आहेत, खळ्यात कोकमाची सोलं वाळताहेत त्यांच्याकडे बघायचंय. मी तरी बसलो. मिरग लागला की हा शेतात उतरणार, आणि रोज सकाळी खालच्या पत्र्यावर काळं थारोळं दिसायला लागलंय. तेल नेमकं कुठून येतंय ते तेला-धुळीच्या एवढ्या किटणाखाली कळणार कसं?

ट्रॅक्टर एचएमटी 2511. बाबांनी घाटावरून जुनाच आणलेला, करूळ घाटाने चालवत. दोन सिलिंडर, 25 हॉर्सपॉवर. एचएमटीने 1971 मध्ये झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं तंत्र घेऊन हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, आणि 2016 मध्ये सरकारने तो विभाग बंद करायचं ठरवलं. तेव्हापासून स्पेअर म्हणजे कोल्हापूरच्या दुकानदाराची मर्जी. आमच्या भाताच्या छोट्या कुणग्यांत पॉवर टिलरच बरा पडतो. हे धूड खालच्या मोठ्या मळ्यात तेवढं उतरतं. एरवी वर्षभर चिऱ्यांची ट्रॉली ओढतं. चिरेखाणीवरची तांबडी धूळ पिठाहून बारीक. ओल्या तेलावर ती बसते, त्यावर पुन्हा तेल, पुन्हा धूळ. चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीच्या कडेला बोटभर जाड थर झाला होता. खरवडला तर आत तांबडे-काळे पदर दिसले, मधेच वाळूचे कण आणि एक अख्खं आंब्याचं पान.

धुण्याआधी तासभर नुसतं बघत बसलो. हा तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि लोक नेमका तोच खातात. ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला नेला की पोरं आल्या आल्या पाण्याची तोफ सोडतात; पाच मिनिटांत सगळं चकचकीत, आणि गळतीचा पत्ताही पाण्याबरोबर वाहून गेला. मळाला भाषा असते. तेल गळतं तिथे किटण साठतं. डिझेल गळतं तिथे उलटं होतं: डिझेल मळ धुऊन नेतं, म्हणून एवढ्या घाणीत एखादीच जागा संशय यावा इतकी स्वच्छ आणि ओलसर दिसते. आमच्या डिझेल पंपाच्या एका नळीच्या नटाखाली अशी बोटभर रुंद पट्टी निघाली. पाणी झिरपतं तिथे गंजाच्या रंगाचा ओघळ सुकून कडक होतो. रेडिएटरमध्ये कूलंट न घालता विहिरीचं पाणी भरत राहिलं की हा ओघळ हमखास. सुकं, तडकलेलं किटण जुनं. बोट लावल्यावर काळं चिकट येतं ते चालू गळतीचं. आणि तेल नेहमी खाली आणि मागे जातं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. टपकतं ती जागा जवळजवळ कधीच खरी नसते.

एवढ्यात आबा आले. "काय रे, टॅक्टरक आंगोळ?" म्हणत पायरीवर बसले आणि खाली वाकून न बघताच निकाल दिला, "मागचो सील गेलो तो." सील म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाला तेल अडवणारी कडी. मग रॉकेलच वापर म्हणाले. रेशनवरचं निळं रॉकेल आता आणणार कुठून? पेट्रोल चालेल का, असं समोरच्या वाडीतल्या पोराने विचारलं. त्याला मी बिडी टाकून लांब उभा राहायला सांगितलं. पेट्रोलची वाफ साध्या ठिणगीने पेट घेते. बंद मांगरात ते नकोच. कॅनमधलं डिझेल घेतलं, फार नाही लागत.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. एअर क्लीनरचं तोंड, ब्रीदर (चेंबरमधला वायू बाहेर सोडायची वाट), तेल मोजायच्या डिपस्टिकची नळी, डिझेल टाकीचं झाकण हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधलं. सेल्फ स्टार्टर आणि डायनॅमोवर रबरी ट्यूबचे तुकडे गुंडाळले. इंजिन पूर्ण थंड. गरम इंजिनवर, त्यातून पंपावर, गार पाणी घालणं म्हणजे दुखणं विकत घेणं. पंपातल्या प्लंजर आणि बॅरलमधली जागा अवघ्या काही मायक्रॉनची असते.

जाड थर कोरडाच काढला. लोखंडावर पुट्टी लावायची पत्री, आणि पंपाच्या ॲल्युमिनियमवर बांबूची कामटी, कारण तिथे लोखंड ओढलं की ओरखडे पडतात. मग डिझेल ब्रशने लावून चहा प्यायला गेलो. हे काम हातापेक्षा वेळ जास्त करतं. परत आलो तोवर किटण सैल होऊन ओघळायला लागलं होतं. नटांच्या खाचांत जुना टूथब्रश, बाकी सगळीकडे नारळाचं सोडण. बाजारातल्या कुठल्याही घासणीपेक्षा सोडण बरं. तेल पितं, रंग ओरबाडत नाही आणि मागच्या दारी ढीग पडलेला असतो. शेवटी कोमट पाण्यात साबणाची पावडर. नुसतं पाणी डिझेलवरून घरंगळतं, साबण घातला की ते दुधाळ होऊन सुटतं. कॉस्टिक सोडा आबांनी सुचवला होता. तो ॲल्युमिनियम खातो, म्हणून त्याला हातच लावला नाही.

खाली ताडपत्री आणि तिच्यावर भाताचं तूस पसरलं होतं. हा उद्योग विहिरीमुळे. जांभा म्हणजे सगळा छिद्रांचा दगड. वर सांडलेलं तेल पहिल्या पावसात कुठे जाईल ते सांगायला भूगोलाचं पुस्तक नको. काळं झालेलं तूस आणि वरचं डिझेल जुन्या डब्यात भरून ठेवलंय. डब्यातलं निवळल्यावर कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावता येईल, विहिरीपासून लांबच्या बाजूला.

दुपारी जे दिसलं ते लिहायलाच हवं. किटणाखालचा रंग शाबूत होता. बाबांनी होडीचा उरलेला निळा ऑईल पेंट ब्रशने मारला होता, तो चेंबरच्या बाजूला अजून तुळतुळीत; ब्रशचा एक केससुद्धा रंगात अडकलेला आहे. आणि वरच्या भागावर, जिथे तेल कधी पोचलंच नाही, तिथे पापुद्रे सुटलेत. ब्रॅकेटचा एक कोपरा बोटाने चुरला. आमचं घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ लोखंडावर बसतं, आणि हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात इथे तो त्याच्या खाली फारसा येतच नाही. म्हणजे ज्याला मी सकाळपासून घाण म्हणून खरवडत होतो, त्याने एवढी वर्षं खारा वारा अडवला. होडीवाले लाकडाला माशाचं तेल उगाच पाजत नाहीत.

म्हणून धुऊन कोरडं ठणठणीत करून सोडून देणं आमच्याकडे चालायचं नाही. घाटावरची माणसं इंजिन धुऊन तसंच उन्हात ठेवतात. इथे चार दिवसांत तांबूस झाक येईल. विकायला काढलेल्या ट्रॅक्टरांना मळावरच चंदेरी रंग मारतात ते तर मला बघवत नाही. संध्याकाळी इंजिन थोडा वेळ चालवून ओल घालवली आणि मग चांगल्या ऑईलमध्ये बुडवून पिळलेल्या फडक्याने नट, ब्रॅकेट, नळ्यांची टोकं पुसून घेतली. अगदी पातळ हात. होज आणि फॅन बेल्टला अजिबात नाही, तेलाने रबर फुगतं. सायलेन्सरच्या बाजूलाही नाही, तिथे ते जळून धूर होतो.

गळतीचं म्हणाल तर सगळ्यात वरची ओली जागा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात निघाली. तिथून तेल ब्लॉकवरून मागे उतरून क्लच हाऊसिंगखाली टपकत होतं, म्हणजे बरोबर आबांच्या सीलच्या जागी. कव्हरचं बुचाचं पॅकिंग दगडासारखं कडक झालंय. त्याहून वाईट, ब्रीदर उघडला तर आतली तारेची जाळी तांबड्या चिखलाने बंद. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये येतो. त्याला बाहेर जायला वाट नाही मिळाली की तो तेलाला ढकलत सगळ्यात कच्ची जागा शोधतो. जाळी डिझेलमध्ये हलवून धुतली, फुंकून बघितली, परत बसवली. नंतर चालू इंजिनवर ऑईल भरायचं झाकण उघडलं तर आता मंद फुसफुस आहे. परवा भकाभक वाफ तोंडावर येत होती. पिस्टनच्या रिंगा अजून बऱ्या आहेत असं दिसतंय. पंपाच्या नळीचा नट अर्धा फेरा आवळला, ती पट्टी आता कोरडी आहे.

आबांचं म्हणणं अजून सीलच. नवं पॅकिंग बसवून आठवडाभर खाली पत्रा ठेवायचा आणि मग बोलायचं, असं ठरलं. हरले तर माडावरच्या शहाळ्यांचा पहिला घड माझा. कोल्हापूरच्या दुकानदाराला फोन केला, तो एसटीच्या पार्सलने पाठवतो म्हणाला, पण आधी जुन्याचा फोटो पाठवा, दोन मापं येतात. मांगरात आता काही दिसत नाही, फोटो उद्या उजेडात काढतो.