आमची वाटचाल: खड्ड्याआधी माती

सेप्टिक टँक बांधून देणं हा आमचा मूळ धंदा. सांगली-मिरज-कुपवाड भागात गुंठेवारीतली घरं उठू लागली, तशी कामं मिळत गेली. ड्रेनेज लाइन नाही म्हटल्यावर टँक आणि त्यातून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा आलाच. खड्डा केवढा घ्यायचा? शेजाऱ्याचा असेल तेवढा, अशीच सगळीकडची रीत.

२००५ च्या महापुरानंतर आम्ही मातीकडे नीट बघायला लागलो. पाणी ओसरलं, रस्ते वाळले, तरी काळ्या मातीतले कित्येक खड्डे तुडुंबच राहिले. उपसा करणाऱ्या गाडीचे पैसे देऊन लोक मेटाकुटीला आले होते. तेव्हापासून आमचा नियम पडला: आधी माती किती वेगानं पाणी शोषते याची चाचणी, मग खोदाई.

कृष्णाकाठची काळी उन्हाळ्यात फसवते. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात पाणी ओतलं तर झरझर उतरतं, आणि बघणारा म्हणतो, जमीन झकास आहे. भिजली की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि मळलेल्या कणकेसारखा चिकट थर तयार होतो. म्हणून सेप्टिक टँकच्या भारतीय मानकात, आयएस २४७० मध्ये, चाचणीचं भोक आधी भिजवून ठेवायला सांगितलं आहे.

आम्ही ठरलेल्या खोलीवर वीतभर रुंदीचं भोक घेतो. पहारीनं आणि फावड्यानं बाजू गुळगुळीत होतात, मातीची तोंडं बंद होतात. म्हणून खुरप्यानं त्या खरवडतो, सुटी माती काढतो आणि तळाला ५० मिलिमीटर बारीक खडी टाकतो. मग ३०० मिलिमीटर पाणी भरून रात्रभर मुरू देतो. "दादा, एवढ्याशा भोकासाठी उद्या परत येणार?" असं घरातल्या काकू हमखास विचारतात. यावंच लागतं, कारण खरं मोजमाप दुसऱ्या दिवशीचं. खडीच्या वर १५० मिलिमीटर पाणी ठेवून अर्ध्या तासात पातळी किती उतरते ते पट्टीवर बघायचं. त्यावरून २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते काढायचं: समजा १० मिलिमीटर उतरली, तर २५ मिलिमीटरला ७५ मिनिटं झाली. २५ ला ३० मिनिटांच्या आत असेल आणि भूजल पुरेसं खोल असेल तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० मध्ये उथळ चर काढून पाणी पसरवावं लागतं. ६० च्या पुढे खड्डा कितीही मोठा घेतला तरी उपयोग नाही, टँकमधलं पाणी आणखी साफ करणारा फिल्टरच बांधावा लागतो.

जिल्ह्याच्या पूर्वेला, जत, कवठेमहांकाळकडे नेमकं उलटं. बऱ्याच ठिकाणी हातभर मातीखाली मुरूम लागतो आणि त्याखाली फुटका खडक. पाणी ओतलं की गडप! मालक खूश होतात, आमची काळजी वाढते. टँकमध्ये गाळ खाली बसतो, पण जंतू पाण्याबरोबर बाहेर पडतात. मातीतून सावकाश झिरपलं तर ते पाणी गाळलं जातं; खडकाच्या भेगेतून गेलं तर थेट कुणाच्या तरी विहिरीत उतरू शकतं.

पिण्याच्या पाण्यापासून खड्डा किमान १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट लांब हवा. आता एक गुंठा प्लॉट घ्या: ३३ बाय ३३ फूट. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धरलं तरी ४७ फुटांच्या आतच. म्हणजे बोअर आणि खड्डा दोन्ही आपल्याच प्लॉटमध्ये नियमात बसूच शकत नाहीत. शिवाय शेजाऱ्याची बोअर कुंपणाला लागून असते. म्हणून आम्ही मोजणीच्या दिवशी चारी बाजूंची दारं ठोठावतो, विहिरी-बोअर विचारून कच्च्या नकाशावर मांडतो. हे काम मला चाचणीइतकंच मोलाचं वाटतं.

"इथं शोषखड्डा होणार नाही" असं सांगितलं की काही काम हातचं जातं. जाऊ दे. चाचणीची फी आम्ही बांधकामापासून वेगळी ठेवली आहे, ती त्याचसाठी: अहवाल घेऊन मालकानं कुणाकडूनही बांधून घ्यावं.

सध्या कुपवाडकडच्या एका गल्लीतल्या काही घरांसाठी मिळून एकच टँक आणि फिल्टर करायचं चाललं आहे. जागा कुणी सोडायची यावर बैठका सुरू आहेत. माती काळीच आहे, २५ मिलिमीटरला तासाच्या वर जाते. तिथं वेगवेगळे खड्डे घ्यायला आम्ही सरळ नकार दिला आहे.