सत्तावीस डॉलर पन्नास सेंट

31 ऑगस्ट 2022, बुधवार. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. पहाटे उठून उकड काढली, अकरा मोदक वळून ठेवले आणि साडेनऊला कामावर गेले. अमेरिकेत, डॅलसच्या उत्तरेला एका प्राथमिक शाळेच्या कॅफेटेरियात मी पैशांच्या खिडकीवर बसते. एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर, वर्क परमिट आल्यानंतरची ही माझी पहिली नोकरी. पोरं ट्रे घेऊन येतात, पॅडवर आपला नंबर दाबतात, माझ्या स्क्रीनवर फोटो येतो आणि फोटोखाली खात्यातली शिल्लक. एका मुलासाठी दहा सेकंदही मिळत नाहीत.

दुसरीतला एक मुलगा आला. ट्रेमध्ये पाच नगेट्स, मक्याचे दाणे, पीचच्या फोडींची वाटी, चॉकलेट दूध. त्याने नंबर दाबला आणि शिल्लक लाल अक्षरांत आली. उणे 27.50.

आमच्या डिस्ट्रिक्टचा, म्हणजे इथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाचा, नियम असा की उधारी 25 डॉलरच्या पुढे गेली की गरम जेवण बंद. ट्रे काढून घ्यायचा आणि थंड चीज सँडविच द्यायचं, सोबत साधं दूध. एक जेवण 2.75 डॉलरचं. शाळेचे कामाचे दहा दिवस झाले होते आणि हे त्याचं अकरावं जेवण.

त्याला वाटलं, नंबर चुकला. त्याने पुन्हा दाबला. मी हळू आवाजात सांगायचा प्रयत्न केला, पण तो तिसऱ्यांदा एकेक आकडा मोठ्याने म्हणत, एका बोटाने सावकाश दाबत होता. गणितात हातचा विसरलो की काय म्हणून मूल पुन्हा मोजतं ना, अगदी तसा. मागे रांग खोळंबली होती. मी ट्रे घेतला.

एका मुलाला वाढलेलं अन्न परत दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे ते टाकावं लागतं. ते नगेट्स मी त्याच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या पिंपात टाकले. उधारी वसूल झाली नाही, अन्न वाचलं नाही. नियम तेवढा पाळला गेला.

दुपारी भांडी आवरताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा मुलगा दुसरीत, म्हणजे 2020 मध्ये बालवाडीत आला असणार. कोविडमध्ये केंद्र सरकारने शाळेतलं जेवण सगळ्यांना मोफत केलं होतं. ती सवलत जून 2022 ला संपली. शाळेतल्या जेवणाला पैसे पडतात ही गोष्ट त्या मुलाने उभ्या शाळकरी आयुष्यात पाहिलेलीच नव्हती. त्याच्या आईवडिलांनी तरी कुठे पाहिली असणार? मिळकत कमी असेल तर मोफत जेवणासाठी अर्ज भरावा लागतो, हे त्यांना कळणार कसं?

आमची मॅनेजर कृष्णवर्णीय आहे, वीस वर्षं याच कामात. तिने मला तिच्या खोलीत नेलं आणि कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला एक फोटो चिकटवलेला होता. फिलँडो कॅस्टिल. मी त्याला बातमीपुरतीच ओळखत होते: 6 जुलै 2016, मिनेसोटा, पोलिसांनी गाडी थांबवली आणि गोळ्या घातल्या. त्या पोलिसाची पुढे निर्दोष सुटका झाली. कॅस्टिल सेंट पॉलच्या एका शाळेत कॅफेटेरिया सुपरवायझर होता, हे मी कधीतरी वाचून विसरले होते. मुलांची नावं त्याला पाठ, कुणाला दूध चालत नाही तेही पाठ. कुणाचे पैसे कमी पडले तर तो स्वतःच्या खिशातून भरायचा. त्याच्या नावाने उभारलेल्या निधीतून नंतर सेंट पॉलच्या 56 शाळांमधल्या मुलांची उधारी फिटली. "आपल्याला इथे खिशातून भरायची परवानगी नाही," मॅनेजर म्हणाली, "पण अर्ज वाटायला कुणाची बंदी नाही."

संध्याकाळी घरी आरतीला पाच-सहा कुटुंबं आली होती. मी नैवेद्याचं पान वाढलं आणि हात थरथरला. जेवताना मी घडलं ते सांगितलं. एक दादा म्हणाले, "अहो, पण आईबापांची काही जबाबदारी आहे की नाही? आपण भरतोच ना पैसे?" माणूस वाईट नाही, अडीअडचणीला मध्यरात्री धावून येणारा. पण मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, तुमच्या मुलीला शाळेने गणिताचं पुस्तक दिलं, पिवळ्या बसने नेलं-आणलं. त्यासाठी कुणी तुमचा पगार विचारला? मग जेवणाच्याच वेळी सात वर्षांच्या मुलाचं खातं का उघडायचं?" नाताळच्या सुमारास कुणी भला माणूस एखाद्या शाळेची उधारी फेडतो किंवा एखादं मूल लिंबूसरबत विकून मित्रांचे पैसे भरतं, अशा बातम्या इथे कौतुकाने दाखवतात. देणाऱ्याबद्दल मला आदर आहे. पण मुलाच्या नावावर जेवणाचं कर्ज चढतंच कसं, हे त्या बातमीत कुणी विचारत नाही, याचा मला राग येतो.

रात्री आईला फोन लावला. ती कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. नोव्हेंबर 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला आणि पुढे तिच्या शाळेत खिचडी सुरू झाली. खिचडीत कधी खडे निघायचे, कधी तांदूळच उशिरा यायचा, त्यावरून तिची भांडणं व्हायची. पण ऊसतोडीला आलेल्याची पोर असो की सोसायटीच्या चेअरमनचा नातू, पंगतीत ताट सगळ्यांपुढे सारखंच. माझं सगळं ऐकून घेऊन तिने एवढंच विचारलं, "सँडविच तरी खाल्लं का गं त्यानं?"

मी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या परवानगीने मी शाळा सुटताना गाड्यांच्या रांगेत अर्ज घेऊन उभी राहिले. सोबत किचनमधली मेक्सिकन मैत्रीण होती, स्पॅनिश बोलायला. त्या मुलाची आई हॉटेलात खोल्या साफ करते, वडील छपरांची कामं करतात. शाळेकडे असलेला फोन नंबर जुना होता. अर्ज पाहून ती घाबरली, कारण त्यात सोशल सिक्युरिटी नंबरचे, म्हणजे इथल्या सरकारी ओळख क्रमांकाचे, शेवटचे चार आकडे मागतात. मैत्रिणीने दाखवलं, नंबर नसेल तर शेजारच्या चौकोनात खूण करायची, आणि या जेवणासाठी नागरिकत्व कुणी विचारत नाही. चौघांच्या कुटुंबाला त्या वर्षी मोफत जेवणाची मर्यादा होती वर्षाला 36,075 डॉलर. 51,338 पर्यंत मिळकत असेल तर एका जेवणाला 40 सेंट. ती गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून भरत होती, मागचे हॉर्न वाजवत होते, आणि आम्ही दोघी दोन्ही बाजूंनी उभ्या.

त्या आठवड्यात एकवीस अर्ज गेले. त्याचा मंजूर झाला. आधीचे 27.50 मात्र खात्यावर तसेच राहिले. मंजुरी मागे जाऊन लागू होत नाही.

पुढल्या मार्चमध्ये मिनेसोटाने सगळ्या मुलांचं जेवण मोफत केलं. कॅलिफोर्निया आणि मेनने आधीच केलं होतं. बातमी आली तेव्हा मॅनेजरने कपाटाचं दार दिवसभर उघडं ठेवलं होतं.

तो मुलगा रोज येतो. आता त्याला गरम जेवण मिळतं. पण नंबर दाबला की तो ट्रेला हात लावत नाही. दोन्ही हात मागे घेऊन माझ्या तोंडाकडे बघत थांबतो. मी मान हलवली की मग उचलतो.