महाबळेश्वरचा कस्तूर

पावसाच्या तोंडावर महाबळेश्वरच्या जांभळीच्या रानात पहाटे गाणारा काळ्या टोपीचा कस्तूर मी गेली काही वर्षे न चुकता ऐकत आलो आहे, आणि सह्याद्रीत त्याच्या तोडीचा गवई क्वचितच सापडेल, असे माझे प्रामाणिक मत आहे. नराची नारिंगी-पिवळी चोच, डोळ्याभोवतीचे पिवळे कडे आणि राखी-तपकिरी अंगावरची काळीभोर टोपी दुर्बिणीतून स्पष्ट दिसते. मादी फिकट तपकिरी असते. विणीचा काळ असल्यामुळे घरटे शोधण्याचा मोह मी कटाक्षाने टाळतो. परवा एक नर आपणहून पायवाटेवर उतरला, दोन उड्या मारून थबकला, मान तिरकी करून क्षणभर पाहत राहिला आणि ओला पाचोळा चोचीने भराभर उडवत त्याने खालचे गांडूळ ओढून काढले. मी श्वास रोखून उभा होतो.