वायरलेस तापमान लॉगर, टप्पा ३: आधी नोंद, मग पाठवणी

दुसऱ्या टप्प्याअखेर नोड (तापमान मोजणारा, सेलवर चालणारा भाग) आणि रिसीव्हर (त्याची मापे घेऊन साठवणारा भाग) एकमेकांशी बोलू लागले होते. दर १० मिनिटांनी एक माप यायचे आणि रिसीव्हरच्या एसडी कार्डावर एक ओळ वाढायची. पण रिसीव्हर बंद असला की त्या काळातली मापे कायमची जायची, आणि ती गेल्याचे फाइल बघून कळायचेही नाही. याला लॉगर म्हणता येणार नाही. म्हणून या टप्प्यात क्रम बदलला. माप आधी नोडवरच्या एफरॅममध्ये (वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या मेमरी चिपमध्ये) लिहायचे, मग रेडिओ जागा करायचा, आणि पोच मिळाली तरच नोंदीवर ‘पाठवली’ अशी खूण करायची.

नोडचे भाग: सुटी एटीमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलर चिप, ३२.७६८ किलोहर्ट्झचा घड्याळी क्रिस्टल, एनआरएफ२४एल०१+ रेडिओ, दोन डीएस१८बी२० तापमान-सेन्सर, एमबी८५आरसी२५६व्ही एफरॅम आणि ३.२ व्होल्टचा एक लिथियम आयर्न फॉस्फेट सेल. व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नाही. रिसीव्हरला ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर, त्याच जातीचा रेडिओ, डीएस३२३१ घड्याळ आणि एसडी कार्डाचे साधे सॉकेट.

सेल सेन्सरमुळे ठरला. दोन अल्कलाइन सेलवर रेडिओ १.९ व्होल्टपर्यंत चालतो, पण डीएस१८बी२० ला किमान ३ व्होल्ट लागतात आणि अल्कलाइन जोडी त्याखाली लवकर उतरते. आयर्न फॉस्फेट सेल बराच काळ ३.२ च्या आसपास स्थिर राहतो. मात्र चार्जरवरून काढल्या काढल्या तो ३.६ व्होल्टच्या वर असू शकतो, आणि रेडिओची कमाल मर्यादा ३.६ आहे. सेल काही तास तसाच ठेवा, मीटरवर ३.४ च्या खाली आला की मगच बसवा.

वेळ राखणे हा या बांधणीतला सगळ्यात नाजूक भाग. वॉचडॉग टायमरवर (कोड अडकला तर चिप रीसेट करणाऱ्या टायमरवर) ८ सेकंदांची झोप घेणे सोपे असते, पण त्याला ठोके देणारा ऑसिलेटर तापमान आणि व्होल्टेजप्रमाणे सरकतो आणि दिवसाअखेर कित्येक मिनिटांचा फरक पडू शकतो. म्हणून चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झ ऑसिलेटरवर चालवली (लो फ्यूज, म्हणजे चिपची कायम राहणारी सेटिंग, हेक्स ई२) आणि मोकळ्या झालेल्या दोन पिनांवर घड्याळी क्रिस्टल लावून टायमर २ असिंक्रोनस केला, म्हणजे तो चिपच्या नव्हे, क्रिस्टलच्या ठोक्यांवर चालतो. प्रिस्केलर (ठोक्यांना भागणारा आकडा) १०२४ ठेवला की टायमर सेकंदाला ३२ पावले टाकतो, म्हणजे २५६ पावले भरून ८ सेकंदांनी ओव्हरफ्लो. असे ७५ ओव्हरफ्लो म्हणजे बरोबर ६०० सेकंद. पॉवर-सेव्ह झोपेत चिप ३ व्होल्टवर साधारण ०.९ मायक्रोअँपिअर घेते, वॉचडॉगच्या झोपेपेक्षाही कमी.

इथे एक खड्डा आहे आणि तो डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलेला आहे. इंटरप्टने (टायमरने चिपला दिलेल्या हाकेने) जाग आल्यावर क्रिस्टलचे एक पूर्ण आवर्तन होण्याआधी पुन्हा झोपायला गेलात, तर पुढचा इंटरप्ट येतच नाही. ओव्हरफ्लो मोजून लगेच झोपणारा कोड नेमका हेच करतो. उपाय असा: झोपण्याआधी टायमर २ च्या एखाद्या रजिस्टरमध्ये, उदाहरणार्थ टीसीसीआर२ए मध्ये, आहे तीच किंमत पुन्हा लिहा आणि एएसएसआर या स्थिती-रजिस्टरमधला त्याचा ‘व्यस्त’ बिट उतरेपर्यंत थांबा. त्या थांबण्यात आवर्तन पुरे होते.

क्रिस्टल चिपच्या पायांना चिकटून हवा. सोल्डरिंगनंतर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट पुसा. दमट हवेत फ्लक्सच्या थरातून गळती होते आणि हा क्रिस्टल इतक्या कमी ऊर्जेवर हलतो की तेवढ्यानेही थांबतो. ब्रेडबोर्डवर याची चाचणी घेऊच नका, तिथले निकाल फसवे असतात.

मापाचा क्रम असा. ७५ वा ओव्हरफ्लो आला की सेन्सरना एका पिनवरून वीज द्यायची. डेटा लाइन वर ओढून धरणारा ४.७ किलोओहमचा पुल-अप रोधही त्याच पिनला, नाहीतर सेन्सर ‘बंद’ असतानाही डेटा लाइनमधून अर्धवट वीज पीत राहतो. मग रूपांतराची आज्ञा. १२ बिटला कमाल ७५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे २४ पावले. पण आज्ञा पावलाच्या मध्येच कुठेतरी जाते, म्हणून कंपेअर इंटरप्ट (टायमर ठरावीक पावलाला पोचला की येणारी हाक) २५ पावलांवर लावला आहे. तेवढा वेळ चिप झोपते.

वाचताना ८५ अंश आले तर सावध व्हा. सेन्सरला वीज मिळताच त्याच्या रजिस्टरमध्ये हीच किंमत असते, म्हणजे रूपांतर झालेच नाही किंवा मध्ये वीज डळमळली. अशा वेळी एकदा पुन्हा मोजावे आणि तरीही तेच आले तर त्रुटी-संकेत लिहावा (आम्ही हेक्स ७एफएफएफ वापरतो). शून्य कधीही लिहू नका. शून्य अंश हे खरे तापमान आहे.

एफरॅमची झोपेतली भूक २७ मायक्रोअँपिअर, म्हणजे बाकीच्या सगळ्या नोडच्या कितीतरी पट. तिलाही पिनवरूनच वीज दिली, आय-टू-सीचे (तिला चिपशी जोडणाऱ्या दोन लाइनचे) पुल-अप त्याच पिनला जोडले. आर्डुइनोची वायर लायब्ररी सुरू होताना चिपचे आतले पुल-अप चालू करते. एफरॅम बंद करण्याआधी टीडब्ल्यूआय (चिपमधला आय-टू-सी सांभाळणारा भाग) बंद करून दोन्ही लाइन शून्यावर आणल्या नाहीत, तर त्या पुल-अपमधून तिला चोरवाटेने वीज मिळत राहते आणि झोपेतला प्रवाह का उतरत नाही ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

एक नोंद १६ बाइटची: क्रमांक ४, दोन तापमाने २-२, बॅटरी मिलिव्होल्टमध्ये २, आणि नोड-ओळख, प्रकार, मागच्या वेळचे पुनर्प्रयत्न, राखीव, खुणा व सीआरसी (मजकूर बिघडला का ते सांगणारा तपास-आकडा) प्रत्येकी १. क्रमांक मुद्दाम पहिला ठेवला आहे. आधी एकेक बाइटची दोन क्षेत्रे आणि मग ४ बाइटचा क्रमांक अशी रचना केली, तर ८ बिटच्या एटीमेगावर ती सलग बसते, पण ईएसपी३२ चा कंपायलर मध्ये २ बाइट रिकामे सोडतो आणि रिसीव्हरवर सगळे आकडे सरकलेले दिसतात. मोठी क्षेत्रे आधी, लहान नंतर ठेवली की दोन्हीकडे सारखेच बसते. तापमान कच्च्या १/१६ अंशातच साठवा, दशांशात फिरवायचे काम रिसीव्हरचे.

‘पाठवली’ ही खूण सीआरसीच्या हिशेबात धरलेली नाही. धरली असती तर प्रत्येक पोचेनंतर सीआरसी पुन्हा काढून लिहावा लागला असता. रेडिओचा स्वतःचा सीआरसी असतो, पण तो फक्त हवेतल्या प्रवासापुरता. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धी नोंद ओळखायला हा वेगळा हवाच.

३२ किलोबाइटमधून पहिले ३२ बाइट राखीव ठेवले की २०४६ नोंदी मावतात. दिवसाला १४४ प्रमाणे सुमारे १४ दिवस. पुन्हा पुन्हा लिहिल्याने एफरॅम झिजेल ही काळजी नको, तिची सहनशक्ती १ लाख कोटी वेळांची आहे.

रेडिओ २५० किलोबिटवर. या वेगाला पुनर्प्रयत्नांतले अंतर किमान ५०० मायक्रोसेकंद हवे. कमी ठेवले तर पोच परत यायच्या आतच पुढचा प्रयत्न सुरू होतो. आम्ही १५०० पासून सुरुवात करून प्रत्येक नोडला २५० ने वाढवले आहे, कारण दोन नोड एकदा आदळले आणि दोघांचे अंतर सारखे असले तर ते पुन्हा पुन्हा आदळत राहतात. मॉड्यूलच्या वीजपिनांशी १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. ‘रेंज मिळत नाही’ या तक्रारींतल्या पुष्कळशा इथेच मिटतात. चॅनल ७६, म्हणजे २४७६ मेगाहर्ट्झ. वायफायचा ११ वा चॅनल २४७३ ला संपतो, पण आसपास १३ वा वापरात असेल तर दुसरा निवडा.

ताजी नोंद नेहमी आधी जाते. तिच्यावरून रिसीव्हर ‘हा क्रमांक म्हणजे ही वेळ’ अशी गाठ बांधतो आणि जुन्या नोंदींची वेळ क्रमांकांच्या फरकाला ६०० ने गुणून मागे मोजतो. त्यानंतर साठलेल्या नोंदी, एका पॅकेटमध्ये दोन, कारण पॅकेटची मर्यादा ३२ बाइट आहे. एका जागेपणी चारच पॅकेटे. पूर्ण भरलेली एफरॅम रिकामी व्हायला सुमारे ४३ तास लागतात, पण सेलवर एकदम ताण येत नाही. नोंद पोचली आणि पोच हरवली, तर नोड ती पुन्हा पाठवणारच. म्हणून नोड-ओळख आणि क्रमांक दोन्ही जुळले तर रिसीव्हरने दुसरी प्रत लिहू नये, पण पोच द्यावी. रीसेटनंतर क्रमांक पुढेच चालतो, मात्र नोंदीचा प्रकार ‘नवी सुरुवात’ असतो, म्हणजे रिसीव्हर जुनी गाठ सोडून नवी बांधतो.

वीजहिशेबात एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. रेडिओची सगळ्यांना धास्ती असते, पण त्याचे ११ मिलिअँपिअर काही मिलिसेकंदांपुरतेच असतात. सेन्सर १ ते १.५ मिलिअँपिअर घेतो, पण पाऊण सेकंद, आणि इथे ते दोन आहेत. जागेपणातला मोठा खर्च तोच. ११ बिटवर ०.१२५ अंशाची पायरी मिळते आणि वेळ निम्मा होतो. सेन्सरची अचूकता मुळात अर्ध्या अंशाची असल्याने बहुतेकांना ते पुरेल. १२ बिट धरूनही सरासरी १० मायक्रोअँपिअरच्या आत बसते, म्हणजे वर्षाला ९० मिलिअँपिअर-तासांहून कमी.

घड्याळ तपासायला २४ तासांनंतरची गाठ डीएस३२३१ शी ताडून पाहा. २० पीपीएमचा (दहा लाखांत २० इतका चुकणारा) क्रिस्टल दिवसाला १.७ सेकंद इकडेतिकडे होतो, आणि फार थंडीत किंवा उन्हात थोडा आणखी मागे पडतो, कारण २५ अंशांपासून दोन्हीकडे त्याची गती उतरते. एवढा फरक ठीक. पण फरक ८, १६, २४ असा ८ च्या पटीत दिसला, तर क्रिस्टलला दोष देऊ नका. कुठल्यातरी वाटेने कोड आवर्तन पुरे होण्याआधी झोपतो आहे आणि ओव्हरफ्लो गळतो आहे. आधी पोच न मिळाल्यावर जी वाट घेतली जाते ती तपासा. एएसएसआरची वाट पाहणे तिथेच राहून जाते.