पत्रे उडाल्यापासून खात्यात पैसे पडेपर्यंत – माझा अनुभव

आधीच सांगतो, ही सगळी भानगड वाऱ्यानं उडालेल्या पत्र्यांच्या सरकारी मदतीची, 4,000 रुपयांची आहे. लाखाची असती तर लोकांनी समजून घेतलं असतं, पण चार हजारासाठी कशाला इतका पळायलास असं घरचे, पाहुणे, टपरीवरचे सगळेच म्हणले, आणि खरं सांगायचं तर पुढं पुढं मी पैशासाठी पळतच नव्हतो, मला तालुक्याच्या हापिसातल्या टेबलावरच्या माणसाच्या तोंडून "झालं" एवढं ऐकायचं होतं.

लातूर जिल्हा, मांजरेच्या काठाला गाव. मे महिना, दुपारभर अंगाची लाही, चारच्या पुढं आभाळ भरून आलं, आधी धूळ मग वारं मग पाऊस. वळवाचा पाऊस आम्हाला काही नवा नाही पण ह्या वेळचं वारं वेगळंच होतं. माय म्हणली "वारं लई सुटायलंय, मागचं दार लाव", दार लावेस्तोवर मागच्या खोलीचा कडेचा पत्रा फडफडायला लागला, त्याचा एक कोपरा सुटला, आणि वारं एकदा खालून शिरलं की मग काही खरं नाही, पाईपासकट पत्रे उचलले. आम्ही सगळे पुढच्या खोलीत, ती विटाची आणि वर स्लॅब, म्हणून कुणाला काही झालं नाही. मागं ज्वारीची पोती भिजली, गोठ्याचे पण पत्रे गेले. सकाळी बघतो तर एक पत्रा बांधावरच्या बाभळीला गुंडाळून बसलेला, पत्रा पाईपाला धरणारे इंग्रजी J सारखे वाकडे हुक अजून त्याच्या भोकात, फक्त सरळ झालेले. म्हणजे हुक तुटले नव्हते, वाकडा भाग उलगडून पाईपावरनं निसटले होते. नवीन पत्रे टाकताना फॅब्रिकेशनवाल्याला हा हुक नेऊन दाखवला, तो म्हणला स्क्रू मारू, रबरी वायसर टाकून, आणि कडेच्या पत्र्याला मधल्यापेक्षा जवळजवळ मारू कारण सुरुवात कडेपासूनच होते. हे त्याचं म्हणणं मला पटलं.

आमच्या भागात पत्रे इतके का असं बाहेरचे विचारतात. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दगडामातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याच्याखाली माणसं गेली. त्यानंतर लोकांनी भ्यालेल्या मनानं माळवदं काढून पत्रे टाकले, आमच्या वडलांनी, अण्णांनी पण तेच केलं. भूकंपाला हलकं छत बरं, पण वाऱ्याला तेच हलकं सापडतं. आणि पत्रा उडू नये म्हणून वर दगडं ठेवायची पद्धत आहे ती कृपा करून बंद करा, पत्रा उडायचा तो उडतोच, दगड मात्र खाली झोपलेल्याच्या अंगावर येतो. मराठवाड्यात असे जीव गेलेत.

पंचनामा पटकन झाला, त्याबद्दल तक्रार नाही. तलाठीअप्पा आणि ग्रामसेवक भाऊसाहेब दोघं येऊन गेले, मोबाईलवर फोटो काढले, दोन शेजारी पंच म्हणून सह्या. फक्त "कच्चे घर, अंशतः" असं लिहिलं. पक्क्या घराची किमान 15 टक्के पडझड असंल तर 6,500, कच्च्याला 4,000, गोठ्याला 3,000, आणि घर पूर्ण पडलं तर सपाट भागात 1,20,000 असे दर आहेत. मी म्हणलं अप्पा पुढची खोली पक्की आहे की, तर म्हणले पडझड मागं झालीय आणि मागं मातीची भिंत आहे. त्यांचं बरोबर असंल, मला अजून पटलेलं नाही. तुम्ही सही करायच्या आधी घराचा प्रकार आणि टक्के वाचून घ्या, नंतर बदलत नाही कुणी.

इथपर्यंत सगळं गुळगुळीत. खरी गंमत यादी लागल्यावर.

ग्रामपंचायतीत यादी लागली, त्यात विशिष्ट क्रमांक, त्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात, तो घेऊन सेवा केंद्रात जायचं, आधारची केवायसी करायची की पैसे खात्यात. आमच्या घरापुढं नाव होतं अण्णांचं. अण्णा जाऊन वर्षं झाली. नमुना 8 ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीला, घर अजून त्यांच्याच नावावर, कारण वारस नोंदीचा अर्ज आम्ही मृत्यूचा दाखला जोडून केव्हाच दिलेला, पोच आहे माझ्याकडं, पण तो मासिक सभेपुढं काही गेला नाही. यादी बनवताना नाव नमुना 8 वरनं उचललं.

सेवा केंद्रातल्या ताई म्हणल्या, "यांना घेऊन या, थंब लागतो."
म्हणलं, "ते गेलेत."
"कुठं गेलेत? आले की घेऊन या, घाई नाही."
मागं रांगेतला एक म्हातारा हसला, मग ताईंच्या लक्षात आलं, बिचाऱ्या ओशाळल्या. पण त्यांच्या हातात काही नव्हतं, स्क्रीनवर नाव येतं त्याचाच अंगठा मशीन मागतं.

मग सुरू झाला फेरा. तालुक्याच्या हापिसात नैसर्गिक आपत्तीचं टेबल आहे, तिथं सांगितलं की यादी तलाठ्याकडनं आलीय, दुरुस्ती त्यांच्याकडनं आणा. तलाठीअप्पा म्हणले यादी वर गेली, आता माझ्या लॉगिनला काही दिसत नाही, दुरुस्ती तालुक्याला. दोघांच्या मधी मी. भाऊसाहेबांना विचारलं तर ते म्हणले वारस लावतो पण सभेत ठराव पाहिजे, आणि सभेला मेंबरच जमंनात, एकदा गणपूर्ती नाही, एकदा सरपंचांच्या घरचं लग्न. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते, हेच जास्त डोक्यात जातं, कुणी लबाड असता तर भांडता तरी आलं असतं.

टेबलावरचा माणूस तर माझं तोंड बघूनच "साहेब मिटिंगला गेलेत" म्हणायला शिकला. एकदा जेवणाची सुट्टी, एकदा साईट डाऊन, एकदा निवडणुकीचं काम, एकदा नुसतंच "पुढच्या आठवड्यात बघू". बाहेर कडुलिंबाखाली माझ्यासारखेच बसलेले, कुणाच्या नावात एक अक्षर चुकलेलं, कुणाच्या आधार नंबरात गडबड, एका बाईचं तर घर पडलेलं आणि यादीत भावकीतल्या दुसऱ्याचंच नाव, आडनाव सारखं म्हणून. तिथं बसून जेवढी माहिती मिळाली तेवढी आत कुणी दिली नाही. शेळ्या वीज पडून मेलेल्या एकानं सांगितलं की जनावर पुरायच्या आधी पशुवैद्यकीय डॉक्टरकडनं शवविच्छेदन करून घ्या, नाहीतर पुढं काही होत नाही. दुधाळ गाय-म्हशीला 37,500 आहेत, शेळीला 4,000. म्हणजे माझ्या मागच्या खोलीची आणि एका शेळीची किंमत सरकारदरबारी सारखी, हे ऐकून तो पण हसला आणि मी पण.

शेवटी तिथल्या एका अव्वल कारकून मॅडमनी कागद हातात घेऊन पूर्ण वाचला. इतके दिवस कुणी वाचलाच नव्हता. त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं काय काय आणायचं: मृत्यूचा दाखला, नमुना 8 चा उतारा, वारस अर्जाची पोच, मायचं आधार आणि पासबुकाची झेरॉक्स, आम्हा भावंडांचं संमतीपत्र की पैसे मायच्या नावावर जमा करायला हरकत नाही, आणि त्या घरात मायच राहती असा तलाठ्याचा अहवाल. हीच चिठ्ठी पहिल्या दिवशी मिळाली असती तर मी हे लिहीतच बसलो नसतो. म्हणून कुठल्याही टेबलावर "काय लागतंय ते लिहून द्या" असंच म्हणा, तोंडी ऐकून घरी येऊ नका, आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. माझ्याकडं वारस अर्जाची पोच नसती तर मॅडमनी पण हात वर केले असते.

संमतीपत्राला उदगीरची बहीण येऊन सही करून गेली. धाकटी पुण्यात, तिला सुट्टी नाही, मग कागद रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं दिला, तिनं पहाटे थांब्यावर घेतला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं सही करून परत. फोनवर म्हणली "दादा, त्या चार हजारातनं मला साडी का नको?" म्हणलं आधी येऊ दे.

नाव बदललं. मायला घेऊन केंद्रात गेलो तर अंगठा उमटंना. जन्मभर खुरपं धरलेला हात, बोटाच्या रेषाच झिजून गेलेल्या, ताईंनी ओल्या फडक्यानं पुसून बघितलं, दुसरी बोटं लावून बघितली, मशीन नाहीच म्हणायचं. माय घाबरली, तिला वाटलं आता आपलंच काहीतरी चुकलं. मग दुसऱ्या एका केंद्रात डोळे स्कॅन करायचं मशीन आहे असं कळलं, तिथं गेलो, तिला म्हणलं डोळे मोठे कर, एका मिनिटात झालं. तुमच्या घरात म्हातारं माणूस असंल तर सरळ डोळ्याचं मशीन कुठाय तेच विचारा.

पैसे आले ते पण आम्ही पासबुक जोडलेल्या खात्यात नाहीच. बँकेत जाऊन एन्ट्री मारली, काही नाही, मी परत तालुक्याला भांडायला निघालो होतो, तेवढ्यात मायला आठवलं की श्रावणबाळ योजनेच्या पगाराचं खातं दुसरीकडं आहे. आधार तिकडं जोडलेलं, पैसे तिकडं. झेरॉक्स कुठलीही द्या, पैसे आधार जिथं जोडलंय तिथंच पडतात.

पत्रे, पाईप, मजुरी मिळून 4,000 च्या कितीतरी पुढं गेलं, पण मेसेज आला तेव्हा मी टपरीवर सगळ्यांना दाखवला.

मधी राहून गेलेलं सांगतो. उडालेले पत्रे गोळा करायच्या आधी फोटो काढा, घराच्या आतनं आभाळ दिसतंय असा एक तरी. आम्ही काढले होते, टक्क्याच्या वेळी तेच कामाला आले. वारं ज्या बाजूनं येतंय तिकडची दारं-खिडक्या आधी लावा, आत शिरलेलं वारंच पत्रा खालनं ढकलतं. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलवर घ्या, आसपास वीज पडायचा धोका असला तर ते कळवतं, रानात असलेल्या माणसाला त्याचा उपयोग जास्त. पिकाचं नुकसान असंल आणि विमा भरलेला असंल तर ते सगळं वेगळं आहे, घराच्या पंचनाम्यात ते येत नाही. आणि घर कुणाच्या नावावर आहे ते आजच नमुना 8 काढून बघा, वारं सुटायच्या आधी.

वारस नोंद परवाच्या सभेत झाली म्हणे, उतारा अजून हातात आला नाही. गोठ्याच्या 3,000 ची यादी पुढच्या टप्प्यात आहे असं टेबलावरचा माणूस म्हणला. नाव कुणाचं टाकलंय ते सोमवारी जाऊन बघणार आहे.