सात रिळं, ५६ किलो

शनिवार, रात्री. नौपाडा, ठाणे.

पावसाने आज उसंत दिली नाही. दोराची रिळं गच्चीऐवजी जिन्यातच ठेवली आहेत, पण इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून लांब. आम्ल लागलेला नायलॉनचा दोर दिसतो धडधाकट आणि तुटतो ऐन वेळी.

सप्टेंबरच्या गढवाल मोहिमेची यादी आज पुन्हा पहिल्यापासून मोजली. अवघड चढाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बर्फाच्या भिंतीला चिकटलेला एकटा गडी येतो. तो लागतोच. पण वेळेवर दोर हाती पडला नाही तर तोही भिंतीच्या पायथ्याशी हात चोळत बसतो. मोहीम अडते ती बहुधा ओझ्याच्या हिशेबात.

तर भिंतीवर बांधून ठेवायच्या दोराचा हिशेब असा. कॅम्प दोनच्या वरची भिंत उंचीला ९०० मीटर, सरासरी उतार ५० अंशांचा. उतारावरून मोजली की लांबी ११७५ मीटरच्या आसपास जाते. दोर काही ओळंब्यात जात नाही. सेरॅक, म्हणजे बर्फाचे लटकते कडे, टाळायचे, खडकाच्या कडेने वळायचं, त्यासाठी दहा टक्के जास्त धरले. शिवाय प्रत्येक अँकरवर, म्हणजे दोर भिंतीला जखडायच्या जागी, आठाची गाठ अर्धा-पाऊण मीटर खाते. थोडा हाताशी ठेवून आकडा १४०० मीटरवर थांबतो. आठ मिलिमीटरचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर मीटरला साधारण ४० ग्रॅम भरतो, म्हणजे २०० मीटरचं रीळ ८ किलो आणि सात रिळं ५६ किलो. दर ५० मीटरला एक अँकर धरला तरी २८ अँकर होतात. त्यांचे स्नो स्टेक (हिमात ठोकायच्या खुंट्या), आइस स्क्रू (कडक बर्फात फिरवून बसवायचे), स्लिंग (पट्ट्यांचे फास), कॅरॅबिनर (उघडझाप होणाऱ्या कड्या) मिळून आणखी १५ किलो. ६००० मीटरच्या वर माणशी १२ किलोपेक्षा जास्त दिलं की दुसऱ्या दिवशी तो माणूस कामाचा राहत नाही. म्हणजे नुसत्या भिंतीच्या सामानाचे सहा लोड झाले, आणि ते आधी बेस कॅम्पहून एकवर, मग एकहून दोनवर न्यायचे.

आता ओझं वाहणाराही जेवतो. त्याला झोपायला तंबू लागतो, चहाला गॅस लागतो, आणि तेही कुणाच्या तरी पाठीवरूनच वर जातं. नवख्यांचं गणित इथे फसतं. भिंतीवरच्या दोघांची पाकिटं मोजली जातात, त्यांच्यासाठी खाली राबणाऱ्या सहांची राहून जातात. मग कॅम्प दोनवर दोर भरपूर आणि गॅस संपलेला, असा प्रकार होतो. पेपरात माथ्यावरच्या झेंड्याचा फोटो येतो. रिळं वर पोचवणाऱ्यांची नावं शेवटच्या ओळीत, तीही जागा उरली तर.

रीळ उलगडायचीही पद्धत आहे. बाजूने वेटोळी ओढली तर वेटोळ्यागणिक दोराला एक पीळ बसतो आणि वर जाऊन त्याचा गुंता होतो. मधून पाइप घालून दोघांनी दोन्हीकडे धरायचं, तिसऱ्याने ओढायचं, रीळ चाकासारखं फिरलं पाहिजे. टोक तापवलेल्या सुरीने कापायचं, म्हणजे धागे वितळून बंद होतात. मग गुंडाळी न करता दोर तसाच पिशवीत भरत जायचा. खालचं टोक पिशवीच्या तळाच्या लूपला बांधायचं, वरचं तोंडाशी बाहेर ठेवायचं. वर दोर बांधणाऱ्याच्या पाठीवरून तो आपोआप सुटत जातो. पिशव्यांवर एक ते सात आकडे घातले. एक नंबरची पिशवी कुठून सुरू करायची हेही आत्ताच, फोटोवर खूण करून ठरवलं.

या शेवटच्या वाक्यामागे केटू आहे, जगातलं दुसरं उंच शिखर. १ ऑगस्ट २००८ ला माथ्याखालच्या बॉटलनेक नावाच्या अरुंद घळीत दोर फार खालपासून, जिथे त्याची तितकी गरज नव्हती तिथपासून बांधत आणला गेला. वरच्या आडव्या टप्प्याला तो कमी पडला, मग खालचा कापून वर न्यावा लागला. त्यात कित्येक तास गेले. बरेच जण माथ्यावर संध्याकाळी पोचले, उतरताना अंधार झाला, आणि कोसळलेल्या सेरॅकने बांधलेले दोरच तोडून नेले. त्या मोहिमांमधले अकरा जण गेले. सेरॅक कधी पडेल ते कुणाच्याच हातात नसतं. त्याच्याखाली किती वेळ उभं राहायचं, ते मात्र बऱ्याच अंशी दोराच्या वाटपावर ठरतं.

पावसाळ्यानंतर गढवालात भिंतीवर कडक निळा बर्फ जास्त मिळतो. म्हणून या वेळी स्टेक कमी केले, स्क्रू वाढवले. स्क्रूची खोड अशी की दुपारच्या उन्हात धातू तापतो, भोवतालचा बर्फ सुटतो आणि सकाळी पक्का बसलेला स्क्रू संध्याकाळी हाताने निघतो. बसवल्यावर त्यावर ओंजळभर बर्फ थापायचा. भुसभुशीत हिमात उभा ठोकलेला स्टेक ओढीने वर येतो. तिथे आडवा चर खणून तो पुरायचा आणि स्लिंगसाठी उताराकडे अरुंद खाच काढायची. दोर गोठला की जुमारच्या, म्हणजे दोर पकडून वर चढायच्या चिमट्याच्या, दातांत बर्फ भरतो आणि जुमार सरकू लागतो. दात घासायला जुने टूथब्रश यादीत टाकलेत. हसणारे हसले.

रविवार.

तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधून सुका मेवा आणला. बाकी जेवणावर फार लिहीत नाही, एवढंच की ६००० मीटरवर पाणी ८० अंशांच्या आसपास उकळतं, तिथे तांदूळ कुकरशिवाय शिजत नाही. कुकर बेस कॅम्पलाच राहणार. वरती जाडे पोहे, भाजलेल्या रव्याचं तयार उपमा-मिश्रण, चिक्की. दोन माणसं, एक दिवस, अशी पाकिटं. पुठ्ठ्याची खोकी सगळी इथेच फेकून द्यायची.

गॅसचं गणित मात्र कुणी मनावर घेत नाही. उणे दहा अंशांचा बर्फ वितळवून उकळायचा तर वारा नीट अडवूनही लिटरला २५ ते ३० ग्रॅम गॅस जातो. माणशी रोज चार लिटर पाणी हवंच, म्हणजे १०० ते १२० ग्रॅम, म्हणजे दोघांत दिवसाला २३० ग्रॅमचा एक डबा. थंडीत त्यातला प्रोपेन आधी उडून जातो आणि मागे राहतो तो बहुतेक ब्यूटेन, जो शून्याच्या आसपास वायू व्हायला कुरकुरतो. अर्धा डबा हातात असून पहाटे शेगडी पेटत नाही, त्याचं कारण हे. डबा रात्री स्लीपिंग बॅगेत घ्यायचा. भांड्यात कोरडं हिम ठासायचं नाही. तळाशी पोकळी होते आणि भांडं करपतं. आधी थोडं पाणी, मग हिम मूठमूठभर. डबे रेल्वेत चालत नाहीत आणि विमानातही नाहीत, त्यामुळे खरेदी उत्तरेतच करायची.

येऊरच्या चढावर सॅक घेऊन सगळे धावताहेत, धावू देत. पाय तयार होतील, विरळ हवेची सवय समुद्रसपाटीला होत नाही. ५५०० मीटरवर हवेचा दाब इथल्या निम्मा. ३००० च्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांती. ओझ्याच्या फेऱ्या इथे उपयोगी पडतात: सामान कॅम्प एकला टाकायचं आणि झोपायला बेस कॅम्पला परतायचं. ज्याला या फेऱ्या कमीपणाच्या वाटतात, त्याचं डोकं कॅम्प दोनवर हमखास ठणकतं. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालून दाखव म्हटल्यावर झोकांड्या गेल्या, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर त्याच रात्री खाली न्यायचं. सकाळपर्यंत थांबून बघू, हे ऐकायचंच नाही.

परत फिरायची वेळ दुपारी एक. ती इथेच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर दोन वाजताच्या मर्यादेची चर्चा आधी झालेली होती, तरी कितीतरी जण त्यानंतर माथ्याकडे चढतच राहिले. त्या वादळात आठ जण गेले. वर गेल्यावर मेंदूला ऑक्सिजन कमी, आणि माथा समोर दिसत असतो.

उतरणीचं पान वेगळं केलं. अन्नपूर्णेची दक्षिण भिंत २७ मे १९७० ला व्हिलन्स आणि हॅस्टन यांनी सर केली. त्याच मोहिमेतला इयान क्लफ गेला तो त्यानंतर, उतरताना, पर्वताच्या खालच्या भागात, सेरॅक कोसळून. म्हणून उतरतानाही प्रत्येक अँकरवर तोच क्रम: सेफ्टीचा कॅरॅबिनर आधी पुढच्या दोरात, मग डिसेंडर (दोरावरून उतरायचा ब्रेक) काढायचा. एका टप्प्यावर एकच माणूस. शेवटचा माणूस खाली येईपर्यंत कॅम्प दोनवर दोघांनी गरम पाणी घेऊन थांबायचं, आणि त्या दोघांनी त्या दिवशी माथ्याचं नाव काढायचं नाही. ही दोन नावं अजून भरायची आहेत. बुधवारच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्यायला सांगितलंय.