माहीमहून मोतमाउलीला, पायी

मोतमाउलीला, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला जायचं म्हटलं की बहुतेक जण वांद्रे स्टेशनहून रिक्षा करतात आणि थेट चर्चच्या दाराशी उतरतात. आम्ही बुधवारी सकाळी माहीमला उतरलो आणि चालत गेलो. रमतगमत गेलं तर अर्धा दिवस लागतो.

पश्चिमेला बाहेर पडून आधी मखदूम अली माहिमींचा दर्गा. डोक्याला रुमाल घरूनच न्या. डिसेंबरातल्या उरुसात मुंबई पोलिसांच्या चादरीचा इथे मोठा मान असतो. मग उत्तरेला सेंट मायकल चर्च. बुधवारी नोव्हेना (नवसाची प्रार्थना), त्यामुळे आत सगळ्या धर्मांची गर्दी. आमच्या पुढे ठसठशीत कुंकू लावलेल्या दोन मावश्या मेणबत्त्या धरून उभ्या होत्या. शांतता हवी असेल तर दुसरा वार धरा, पण मग बघण्यासारखं निम्मंच उरतं.

पुढचा कॉजवे म्हणजे हॉर्न, धूर आणि मिठी नदीचा वास. तरी तो गाळू नका. १८४५ मध्ये हा रस्ता होईपर्यंत खाडी होडीनेच ओलांडावी लागायची. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी दीड लाखाच्या वर रुपये पदरचे दिले. ज्या एल. जे. रोडच्या ट्रॅफिकला आपण शिव्या घालतो, तो त्यांच्याच नावाचा.

वांद्र्यात हिल रोडवरून चॅपल रोडला आत वळा. भिंतींवरची चित्रं बघत रानवारला पोचता. हे ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं जुनं गावठाण: कौलारू घरं, बाहेरून चढणारे लाकडी जिने, ओटे, चौकात क्रूस. ओट्यावर बसलेल्या एका आजींनी ‘कुठनं आलात, बाय?’ म्हणून विचारलं आणि त्यांच्याशी गप्पांत चांगला वेळ गेला. बोली आपल्या आगरी-कोळ्यांच्या जवळची. शेजारच्या घराच्या जागी मात्र टॉवर उभा राहतोय. इथे लोक राहतात, खिडक्यांत कॅमेरा खुपसू नका. कॅफेंची गर्दी नको असेल तर सकाळी दहाच्या आत या.

तिथून सेंट अँड्र्यूज. १५७५ च्या सुमाराचं हे चर्च आहे. आवारातला दगडी क्रूस जवळून बघा. मागे समुद्राकडे चिंबईचा कोळीवाडा. वेळ असेल तर चक्कर मारा.

शेवटचा चढ मोतमाउलीचा. आताची इमारत १९०४ ची. बाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं मांडलेली असतात. जो नवस, ती वस्तू. आमच्या मागच्या जोडप्याने घर घेतलं, तेही दुमजली! मुंबईत नवस करायचाच तर मोठा करावा.

जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर. तेव्हा गाडी अजिबात आणू नका. स्टेशनवरून बेस्टच्या जादा बस असतात. पावसाचे दिवस, चढावर पाय घसरतो, चप्पल धड घाला. गावठाणं नीट बघायची असतील तर जत्रेचा आठवडा सोडून या.